जुन्या डीएसवर ब्रिटनच्या थिअरीचा अभ्यास: नव्याने आलेल्यांसाठी

भारतातलं लायसन्स ब्रिटनमध्ये राहायला आल्यापासून बारा महिने चालतं. तेराव्या महिन्यात ते नुसतं फोटो असलेलं कार्ड उरतं. ऑस्ट्रेलिया, जपान, सिंगापूर अशा काही देशांचं लायसन्स इथे बदलून मिळतं, भारत त्या यादीत नाही. त्यामुळे पुण्यात अकरा वर्षं गाडी हाकलेली मी आणि शेजारचा सतरा वर्षांचा मुलगा एकाच रांगेत उभे राहिलो: आधी प्रोव्हिजनल म्हणजे शिकाऊ लायसन्स, मग थिअरी म्हणजे कॉम्प्युटरवरची परीक्षा, मग प्रॅक्टिकल म्हणजे रस्त्यावरची. मला जाग आली अकराव्या महिन्यात. तुम्ही चौथ्या-पाचव्यातच हातपाय हलवा.

हा लेख फक्त थिअरीबद्दल आहे, आणि तोही एका जरा विचित्र वाटेबद्दल. मी बराचसा अभ्यास मुलाच्या जुन्या निन्टेन्डो डीएस लाइटवर, म्हणजे हातात धरून गेम खेळायच्या छोट्या यंत्रावर, केला. फोनवर ॲप होतंच. पण फोन हातात घेतला की सातवा प्रश्न येईपर्यंत साताऱ्याहून आत्याचा सुप्रभात यायचा, मग शाळेच्या ग्रुपवर डब्याची चर्चा, आणि प्रश्न तिथेच. डीएसवर कुणाचाही मेसेज येत नाही. उघडला की प्रश्न समोर, मिटला की झोपला, पुन्हा उघडला की प्रश्न जिथे सोडला तिथेच. बसस्टॉपवर, भात शिजेपर्यंत, मुलाचा पोहण्याचा क्लास सुटेपर्यंत दहा-दहा प्रश्न होतात. मात्र या यंत्राचा उपयोग कशाला आणि कशाला अजिबात नाही, हे मला एकदा नापास होऊन कळलं.

पहिलं काम: परीक्षा नेमकी काय आहे ते पाहा

इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये ही परीक्षा डीव्हीएसए हे सरकारी खातं घेतं. उत्तर आयर्लंडचा कारभार वेगळा आहे. परीक्षेचे दोन भाग एकाच बैठकीत होतात. पहिल्यात ५० पर्यायी प्रश्न, वेळ ५७ मिनिटं, पास व्हायला ४३ बरोबर. यातले तीन प्रश्न एका छोट्या व्हिडिओवर असतात. मग हवी तर तीन मिनिटांची विश्रांती. दुसरा भाग हॅझर्ड परसेप्शनचा, म्हणजे धोका ओळखण्याचा. यात रस्त्यावरच्या १४ क्लिप दिसतात. पुढे काहीतरी गडबड होणार असं दिसताच माऊसचं बटण दाबायचं. प्रत्येक क्लिपमध्ये एक धोका, फक्त एकीत दोन, म्हणजे एकूण १५. लवकर ओळखलात तर ५ गुण, उशीर होत गेला की ४, ३ असं करत शून्य. एकूण गुण ७५, पास व्हायला ४४.

दोन्ही भागांत एकाच दिवशी पास व्हावं लागतं. एकात ५० पैकी ५० आणि दुसऱ्यात ४३ आले, तरी दोन्ही पुन्हा द्यायचे आणि २३ पौंडही पुन्हा भरायचे. गेल्या काही वर्षांत पास होणारे निम्म्याहूनही कमी आहेत, तेव्हा 'नुसती थिअरीच तर आहे' म्हणणाऱ्यांचं मनावर घेऊ नका.

इथे जुने असलेले कुणी सांगतील की आमच्या वेळी प्रश्न हिंदीत ऐकता यायचे. खरं आहे, हिंदी, गुजराती, पंजाबी, तमिळ सगळं होतं. मराठी तेव्हाही नव्हती. एप्रिल २०१४ पासून ती सोय बंद झाली. आता इअरफोनवर प्रश्न ऐकता येतात, पण फक्त इंग्लिश किंवा वेल्शमध्ये.

परीक्षेसाठी प्रोव्हिजनल लायसन्स हातात लागतं. ते ऑनलाइन ३४ पौंडांना मिळतं. ते आणि थिअरीची तारीख, दोन्ही सरकारच्या जीओव्ही डॉट यूके या साइटवरूनच घ्या. शोधल्यावर वरती ज्या जाहिराती येतात, त्यातल्या काही साइट्स मधले दलाल असतात. काम तेच, पैसे जास्त.

यंत्र आणि कार्ट्रिज घेताना

डीएसच्या भरभराटीच्या काळात ब्रिटनच्या थिअरीसाठी कार्ट्रिजं, म्हणजे यंत्रात घालायची गेमची छोटी कार्डं, निघाली होती. आता ही कार्ट्रिजं दुकानात नवी मिळत नाहीत. चॅरिटी शॉप, कार बूट सेल किंवा ऑनलाइन जुन्या बाजारात शोधावी लागतात. मला माझं दीड पौंडाला मिळालं, सुईदोऱ्याच्या डब्याशेजारी.

घेताना डबीवर चार गोष्टी बघा. ते ब्रिटनच्याच परीक्षेचं हवं. गाडीचं हवं, मोटरसायकलचं किंवा लॉरीचं नको. मुलांनी उचलून दिलेला रेसिंगचा गेम नाही ना, तेही बघा. चित्रात गाडी दोन्हीकडे असते. आणि वर्ष बघा. जितकं अलीकडचं तितकं बरं, पण अलीकडचं म्हणजेही दहा-पंधरा वर्षांपूर्वीचंच असणार आहे. त्याचं काय करायचं ते पुढे सांगते.

कार्ट्रिज डीएस, डीएस लाइट, डीएसआय आणि थ्रीडीएस या सगळ्यांत चालतं. निन्टेन्डोच्या नव्या स्विचमध्ये ते बसतच नाही. जुना डीएस लाइट घेत असाल तर बिजागरी तपासा, तिथे तडा जाण्याची त्याला खोडच आहे. चार्जर सोबत आहे का पाहा, कारण लाइटचा चार्जर डीएसआय किंवा थ्रीडीएसला लागत नाही आणि त्यांचा याला लागत नाही. चालू केल्यावर कार्ट्रिज दिसलंच नाही तर घाबरू नका. काढा, त्याच्या पितळी पट्ट्यांवरून कोरडा कापसाचा बोळा हलकेच फिरवा, परत घाला. माझं तिसऱ्या खेपेला लागलं. 'ब'वर टेकवलं आणि 'क' निवडला गेला, असं होत असेल तर सेटिंग्जमध्ये टचस्क्रीन जुळवून घ्यायची सोय आहे. एवढं केल्याशिवाय मॉक (सराव परीक्षा) देऊ नका, नाहीतर चूक तुमची की स्टायलसची, म्हणजे पडद्यावर टेकवायच्या काडीची, हेच कळणार नाही.

आता मुख्य काम: प्रश्नांचा रतीब

पहिल्या दिवशी काहीही न वाचता पूर्ण ५० प्रश्नांची मॉक द्या. मला ३४ आले. अकरा वर्षांच्या अनुभवाचा तो निकाल बघून नवऱ्याने चहा केला आणि तोंडातून एक अक्षर काढलं नाही.

चुकलेले १६ प्रश्न घेऊन बसले तेव्हा लक्षात आलं, त्यातल्या निम्म्यांत मला नियम माहीत होता, शब्द माहीत नव्हता. नियरसाइड म्हणजे फुटपाथाकडची डावी बाजू, ऑफसाइड म्हणजे ड्रायव्हरची उजवी. व्हर्ज म्हणजे रस्त्याच्या कडेची गवताची पट्टी, कर्ब म्हणजे फुटपाथाची कड. सेंट्रल रिझर्व्हेशन हा आपला दुभाजक. काँट्राफ्लो म्हणजे काम चालू असल्यामुळे समोरची वाहतूक आपल्याच बाजूच्या एखाद्या लेनमधून सोडलेली. ॲक्वाप्लेनिंग म्हणजे पाण्याच्या थरावर टायर तरंगू लागणं. रस्ता ओलांडायच्या जागांना तर पक्ष्याप्राण्यांची नावं: पेलिकन, पफिन, टूकन, पेगॅसस. टूकनवर सायकलवाल्यांनाही ओलांडता येतं, पेगॅससवर घोडेस्वारांना. पेलिकनला लालनंतर पिवळा दिवा लुकलुकतो, पफिनला लुकलुकत नाही; हा प्रश्न परीक्षकांचा फार लाडका.

म्हणून एक शंभरपानी वही घाला. डीएस चूक दाखवतो आणि पुढे जातो, वहीतली चूक तिथेच राहते. डाव्या पानावर प्रश्नाचा विषय, उजव्या पानावर उत्तर आणि 'का' एका ओळीत, मराठीत. पूर्ण प्रश्न उतरवू नका. परीक्षेतले नेमके प्रश्न जानेवारी २०१२ पासून छापायचे बंद झालेत, त्यामुळे कार्ट्रिजमधला प्रश्न जसाच्या तसा येईल या आशेवर घोकंपट्टी करण्यात अर्थ नाही. विषय तेच येतात, शब्द फिरवलेले असतात.

आपल्या लोकांचे पाय हमखास कुठे अडकतात तेही सांगते. समोरच्याने हेडलाइट मारला की आपल्याकडे अर्थ 'थांब, मी येतोय'. इथे प्रत्यक्ष रस्त्यावर लोक तो 'जा तू' म्हणून मारतात. आणि परीक्षेत दोन्ही उत्तरं चूक! हायवे कोड या रस्त्याच्या अधिकृत नियमपुस्तकाप्रमाणे त्याचा अर्थ एवढाच: मी इथे आहे. हॉर्नचंही तसंच, आणि वस्तीत रात्री साडेअकरा ते सकाळी सातपर्यंत चालत्या गाडीतून तो वाजवायचाच नाही. पाट्यांमध्ये आकार आधी शिका. गोल म्हणजे हुकूम, त्रिकोण म्हणजे इशारा, चौकोन म्हणजे माहिती. हे कळलं की न पाहिलेल्या पाटीचाही अर्धा अर्थ लागतो. पांढऱ्या गोलावर काळी तिरकी पट्टी म्हणजे राष्ट्रीय वेगमर्यादा: दुभाजक नसलेल्या रस्त्यावर गाडीला ताशी ६० मैल, दुभाजक असलेल्या रस्त्यावर ७०. मोटरवेवर (इथल्या एक्सप्रेसवेवर) रात्री चमकणारे खडेही विचारतात: डाव्या कडेला लाल, उजव्या कडेला पिवळे, लेनच्या मध्ये पांढरे, आत-बाहेर जायच्या रस्त्याच्या तोंडाशी हिरवे.

थांबण्याच्या अंतराचा धडा मात्र आपल्यासाठी मेजवानी आहे. ताशी २० मैलांना १२ मीटर, ३० ला २३, ४० ला ३६, ५० ला ५३, ६० ला ७३, ७० ला ९६. हे आकडे पाठ होता होईनात. एका रविवारी बाबांना फोनवर कुरकुरत वाचून दाखवले. ते म्हणाले, "मीटर सोड, फुटात वाच." वाचले: ४०, ७५, १२०, १७५, २४०, ३१५. पलीकडे क्षणभर शांतता, आणि मग म्हणाले, "अगं, ही तर अडीचकी-औटकी आहे." वीस दुणे चाळीस. तीस अडीचे पंचाहत्तर. चाळीस त्रिक एकशेवीस. पन्नास औटे एकशेपंचाहत्तर. साठ चोक दोनशेचाळीस. सत्तर साडेचार तीनशेपंधरा. वेग दहाने वाढला की गुणायचा आकडा अर्ध्याने वाढतो. उत्तरांच्या पर्यायांत मीटर आणि फूट दोन्ही बहुधा दिलेले असतात, त्यामुळे फूट आठवले तरी भागतं. नुसते मीटर दिसले तर तीन फुटांना एक मीटर धरून जवळचा, थोडासा लहान आकडा उचला. हे अंतर कोरड्या रस्त्याचं आहे; ओल्यावर निदान दुप्पट आणि बर्फावर दहापट लागू शकतं.

रोजचा रतीब म्हणजे सकाळी दहा प्रश्न एकाच विषयाचे, संध्याकाळी दहा मिसळीचे, आणि शनिवारी पूर्ण मॉक घड्याळ लावून. डीएसचा आवाज बंद ठेवा. माझ्या कार्ट्रिजमध्ये बरोबर उत्तराला टाळ्या वाजायच्या, त्यांचीच चटक लागते. सलग चार मॉकमध्ये ४७ च्या वर आलात की या भागाची काळजी सोडा.

जुनं कार्ट्रिज कुठे फसवतं

२००८ च्या कार्ट्रिजला २००८ चाच कायदा माहीत आहे. ते तुम्हाला ठामपणे चुकीचं शिकवेल आणि वर टाळ्याही वाजवेल. माझ्या कार्ट्रिजप्रमाणे गाडी चालवताना मोबाइल धरला तर ६० पौंड दंड आणि लायसन्सवर चुकीचे ३ पॉइंट. आज २०० पौंड आणि ६ पॉइंट आहेत, आणि मार्च २०२२ पासून तर फोन हातात घेऊन गाणं बदलणंही त्यातच येतं. लायसन्स मिळाल्यापासून दोन वर्षांत ६ पॉइंट झाले की लायसन्सच रद्द होतं, म्हणजे पुन्हा प्रोव्हिजनलपासून सुरुवात.

गाडीचा कर भरल्याची, काचेवर लावायची टॅक्स डिस्क ऑक्टोबर २०१४ मध्ये गेली. लायसन्ससोबतचा कागदी भाग जून २०१५ मध्ये गेला. शिकाऊ चालकाला मोटरवे बंद होता. जून २०१८ पासून मान्यताप्राप्त शिक्षकासोबत, दुहेरी ब्रेकच्या गाडीतून जाता येतं. स्कॉटलंडने दारूची मर्यादा डिसेंबर २०१४ मध्ये खाली आणली, १०० मिलिलिटर रक्तात ८० ऐवजी ५० मिलिग्रॅम. वेल्समध्ये सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर ३० ऐवजी २० ची मर्यादा आहे.

सगळ्यात मोठा बदल जानेवारी २०२२ चा. रस्त्यावर ज्याच्याकडून दुसऱ्याला जास्त इजा होऊ शकते त्याची जबाबदारी जास्त, अशी उतरंड हायवे कोडमध्ये आली. तुम्ही वळताय आणि त्या रस्त्याच्या तोंडाशी कुणी ओलांडायला उभं आहे, तर आता थांबायचं. पूर्वी त्याने पाऊल टाकलेलं असेल तरच थांबायचं होतं. सायकलवाल्याला मागे टाकून पुढे जाताना ताशी ३० मैलांपर्यंत निदान दीड मीटर जागा सोडायची. जुन्या प्रश्नांत यातलं काही नाही, नव्या परीक्षेत हे येतंच.

यावर उपाय एकच. हायवे कोड जीओव्ही डॉट यूकेवर फुकट वाचता येतो, तो शेजारी उघडा ठेवा. डीएसवर दंड, पॉइंट, कागदपत्रं, मोबाइल, दारू, पादचारी, सायकल किंवा मोटरवे यांवरचा प्रश्न आला की उत्तर आधी कोडात बघा. बदललं असेल तर वहीत लाल पेनाने लिहा. टायरची नक्षी निदान १.६ मिलिमीटर हवी, पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर ठेवायचं, १०० मीटरपेक्षा कमी दिसत असेल तरच फॉगलाइट लावायचे, हे सगळं तेव्हाही असंच होतं, त्यात वेळ घालवू नका. आणि परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात एखादी ताजी, डीव्हीएसएची अधिकृत मॉक फोनवर किंवा कॉम्प्युटरवर नक्की द्या.

हॅझर्ड: इथे डीएस मिटवा

डीएस लाइटचा पडदा तीन इंचांचा. त्यावर दूरचा सायकलस्वार म्हणजे भिंतीवरची माशी. मी पहिल्या परीक्षेला तशाच क्लिप बघून गेले. पहिल्या भागात ४६ आणि हॅझर्डमध्ये ४१. तीन गुणांनी गेले. दोष परीक्षेचा नव्हता. तीन इंचांवर मला धोका दिसायचा तोच मुळी उशिरा, आणि उशिराच दाबायची सवय बोटाला लागली होती. परीक्षेतल्या क्लिप २०१५ पासून कॉम्प्युटरवर बनवलेल्या, स्वच्छ असतात. त्यांचा सराव मोठ्या पडद्यावर माऊस घेऊनच करा.

युक्ती समजली की हा भाग सोपा आहे. कडेला उभी गाडी म्हणजे संभाव्य धोका, तिला गुण नाहीत. तिचा इंडिकेटर लागला किंवा पुढचं चाक वळू लागलं, की धोका घडू लागला. पाच गुणांची खिडकी तिथे उघडते. खिडकी उघडायच्या आत दाबलेलं वाया जातं, म्हणून संशय आला की एकदा आणि घडू लागलं की पुन्हा एकदा दाबायचं. पण ताल धरून टकटक करत राहिलात तर कॉम्प्युटर त्या क्लिपला थेट शून्य देतो. आणि क्लिप पुन्हा मागे घेता येत नाही.

दुसऱ्या खेपेच्या आधी मी रेडिंगच्या डबलडेकरमध्ये वरच्या मजल्यावर अगदी पुढची सीट धरायला लागले. हात मांडीवर, अंगठा तयार. डावीकडे पांढरी डिलिव्हरी व्हॅन उभी. तिच्याखालून पलीकडे दोन छोटे बूट दिसले, निळे. एकदा दाबलं. बूट कडेकडे सरकले, पुन्हा दाबलं, आणि व्हॅनच्या पुढून मुलगा बाहेर आला तेव्हा बस आधीच हळू झाली होती. वर बसलेल्या माझ्याइतकंच खालच्या ड्रायव्हरलाही ते दिसलं होतं. पंधरवडाभर अशी बस केली. तिकिटाचे पैसे वसूल झाले, दुसऱ्या वेळी हॅझर्डमध्ये ५८ आले.

परीक्षेच्या दिवशी

प्रोव्हिजनलचं कार्ड घ्या. ते नसेल तर परीक्षा देता येत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत. फोन, घड्याळ, पर्स सगळं लॉकरमध्ये जातं. डीएस घरीच ठेवा. वेळेच्या पंधरा मिनिटं आधी पोचा. पहिल्या भागात प्रश्नावर खूण करून नंतर परत येता येतं. अडलेला प्रश्न खूण करून सोडा, पण कोरा ठेवू नका, चुकीला गुण कापत नाहीत. विश्रांतीत उठून पाणी पिऊ म्हणाल तर जागा सोडता येत नाही, तेव्हा आधीच जाऊन या.

नापास झालात तर निदान तीन पूर्ण कामकाजाचे दिवस मध्ये सोडून पुढची तारीख घेता येते. पास झालात तर कागदावर पास नंबर येतो, तो दोन वर्षं चालतो, आणि त्याशिवाय प्रॅक्टिकलची तारीख मिळत नाही. प्रॅक्टिकलच्या तारखा पुष्कळ ठिकाणी महिनोन् महिने पुढच्या असतात. म्हणून बाहेर पडल्यावर आधी कागदाचा फोटो काढा, त्याच बसमध्ये बसल्या बसल्या तारीख बुक करा, आणि मग साताऱ्याला फोन लावा.